कर्नल घारे यांचे चौदा दिवस

मी घासाघीस करून वर आलेला माणूस आहे. जागा असो, ठेका असो, की लग्नाचा हॉल, समोरच्याने सांगितलेल्या पहिल्या आकड्याला मी आजवर हो म्हटलेलं नाही. कर्नल घारे यांच्याशीही मी घासाघीस केली. पैशांवरून करायची सोय नव्हती, कारण ते पैसे घेत नसत. आमची ओढाताण दिवसांवरून झाली. ते म्हणायचे चौदा, मी म्हणायचो सात.

ते गेले तेव्हा संत तुकाराम नगरमधल्या त्यांच्या सोसायटीने शोकसभा ठेवली होती. मलाही दोन शब्द बोलायला बोलावलं. मी गेलो नाही. तिथे सगळे चांगलंच बोलणार होते. माझ्याकडेही त्यांच्याबद्दल चांगलं पुष्कळ आहे, पण एक तक्रारही आहे, आणि ती हार घातलेल्या फोटोसमोर बोलता येण्यासारखी नव्हती.

घारेसाहेब सैन्यात डॉक्टर होते. ईशान्येकडची जंगलं, तिथून शांतिसेनेबरोबर आफ्रिका, पुन्हा जंगलं, अशी त्यांची नोकरी झाली. गोळी लागलेले जवान त्यांच्या वाट्याला कमी आले. तापाने फणफणलेले फार आले. "आख्ख्या नोकरीत मी शत्रू पाहिला तो फक्त काचेवर," असं ते म्हणायचे. काच म्हणजे रक्ताचा थेंब पसरलेली काचपट्टी. निवृत्तीनंतर दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत त्यांनी एक मायक्रोस्कोप, एक स्टोव्ह आणि तीन खुर्च्या मांडल्या होत्या. त्यालाच ते दवाखाना म्हणत. मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटापाशी बटणं लावलेली. कुणी विचारलं तर म्हणत, "संध्याकाळी बाह्या खाली, ही सवय आहे. सवय गेली की माणूस जातो."

त्यांच्याकडे मला माझ्या भावाने नेलं. महादू माझा धाकटा भाऊ. आम्ही बीडकडचे. मी आधी आलो, भोसरीत हेल्पर म्हणून लागलो. पुढे चाकणच्या कंपन्यांना कामगार पुरवायला लागलो, तेव्हा महादूला बोलावून घेतलं. माझ्या सगळ्या माणसांवर तो सुपरवायझर. कुरुळीत दौलतनाना नावाच्या जुन्या शेतकऱ्याच्या जागेवर मी कामगारांसाठी पन्नास खोल्या बांधल्या होत्या. माणसं बहुतेक झारखंडची, ओडिशाची. त्यातल्या सुखराम नावाच्या एकाला दिवसाआड हुडहुडी भरायची. एक दिवस गोधडीत, एक दिवस कामावर. दोन डॉक्टरांनी सलाइन लावून झालं होतं. महादू म्हणाला, "दादा, पिंपरीत एक मिलिटरीचा डॉक्टर हाय म्हनं. लई खडूस हाय, पन बरं करतो."

साहेबांनी सुखरामच्या बोटाला सुई टोचली, थेंब काचेवर ओढला, वाळवला, रंगवला. पाऊण तास गेला. मी दहा वेळा घड्याळ पाहिलं. मग खिडकीशी बसून त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि शांतपणे म्हणाले, "पाहुणे आलेत."

मला वाटलं आता चिठ्ठी देतील. त्यांनी विचारलं, "हा झोपतो कुठे?"

"कुरुळीत, माझ्या खोल्यांवर."

"खोली नाही विचारली. अंथरूण कुठे, डोकं कुणीकडे, डोक्याशी खिडकी आहे का?"

मी महादूकडे बघितलं.

"तुझा माणूस आहे ना? कंपनीत किती वाजता आत गेला ते तुला मिनिटाला ठाऊक असणार. काँट्रॅक्टर ना तू?"

तेव्हापासून मी त्यांच्यासाठी काँट्रॅक्टरच राहिलो. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बसने कुरुळीत हजर. सत्तरी ओलांडलेला माणूस शिडी लावून गच्चीवर चढला, टाकीत टॉर्च मारून वाकून बघत बसला. मग खाली येऊन एकेक पिंप आडवं करायला लागला. दौलतनाना गोठ्यापुढे उभे होते. मला म्हणाले, "कोन हाय रं हे म्हातारं? आमच्या पिपात डोकं घालून काय बघतंय?"

साहेबांनी ऐकलं. "तुमचे भाडेकरू मोजतोय, नाना."

"भाडेकरू खोलीत ऱ्हात्यात. पिपात न्हाई."

"पिपातले जास्त आहेत."

नाना हसले, पण माझं डोकं फिरलं होतं. आमच्याकडे पाणी टँकरचं. मी म्हणालो, "साहेब, न विचारता पाणी ओतलंत. आता माणसांनी अंघोळ कशाने करायची?"

"झाकण लाव, मग पाणी तुझं. उघडं ठेवलंस तर त्याचं."

'तो' म्हणजे मलेरियाचा जंतू. त्याच्याबद्दल ते असं बोलायचे जसं आपण एखाद्या हुशार, वाईट भाऊबंदाबद्दल बोलतो. तिरस्कार असायचा, पण मानही असायचा. एकदा मला म्हणाले, "तो आणि तू एकाच धंद्यातले. दुसऱ्याच्या अंगमेहनतीवर जगता. फरक एवढाच, तो कुणाला ओव्हरटाइम करायला लावत नाही." मी आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही. नवव्या दिवशी त्यांनीच चहा पाजला. चहा ते उभ्यानेच प्यायचे.

तर सुखराम. तीन दिवसांच्या गोळ्यांनी ताप उतरला. माझ्या हिशेबी विषय संपला. साहेब म्हणाले, आता दुसरी गोळी, चौदा दिवस, आणि त्याआधी एक रक्ताची टेस्ट.

"ताप तर गेला. आता कसली टेस्ट?"

"आहे एक. टेस्टशिवाय गोळी नाही."

एरवी ते एका प्रश्नाला अर्धा तास उत्तर द्यायचे. डास कुठल्या अंगाने बसतो, जळू कशी काढायची, आफ्रिकेतल्या नदीकाठी माशी चावून माणसं आंधळी कशी होतात, सगळं. या एका प्रश्नावर मात्र 'आहे एक' एवढंच. तेव्हा मला त्यात काही वेगळं दिसलं नाही.

टेस्ट झाली. मग मी दिवसांवर आलो. "साहेब, सात करा. माणूस धडधाकट आहे, दोन वेळ जेवतोय."

"चौदा."

"बरं, दहा. तुमचंही नको, माझंही नको."

"तो यकृतात झोपलेला असतो. तू जाऊन त्याच्याशी बोलून घे. तो दहाला तयार असेल तर माझी काही हरकत नाही."

नुसत्या चिठ्ठीवर त्यांचा विश्वास नव्हता. गोळी त्यांच्या डोळ्यांदेखत गिळायची. रोज संध्याकाळी, शिफ्ट सुटल्यावर, ज्यांना ज्यांना ताप येऊन गेला त्यांची खोल्यांपुढच्या मोकळ्या जागेत रांग. साहेब स्टुलावर. गोळी तळहातावर, घोटभर पाणी, मग तोंड उघड, जीभ वर. सैन्यात असंच करतात म्हणे. आणि प्रत्येकाला एक प्रश्न, मोठ्या आवाजात, सगळ्यांसमोर: "पेशाब का रंग?"

पोरं खाली मान घालून हसायची. त्यांनी साहेबांचं नाव 'रंगवाले साहब' पाडलं. एक दिवस एकाने चेष्टेत सांगितलं, "सर, काली चाय जैसा." साहेब ताडकन उठले. त्याचा दंड धरून संडासापर्यंत नेलं, हातात प्लास्टिकचा पांढरा कप दिला आणि दाराबाहेर उभे राहिले. कप बाहेर आला. पिवळसर, रोजच्यासारखा. साहेब परत येऊन स्टुलावर बसले, पण बराच वेळ त्यांना गोळीची पट्टी फोडता येईना.  "यावर मस्करी नाही," एवढंच म्हणाले. आम्हाला वाटलं, वय झालं, चिडतात.

त्या रात्रीच्या जेवणाला महादूने टोपी तिरकी घालून त्यांची नक्कल केली. सगळ्यांत जास्त मी हसलो.

अकराव्या दिवशी मी सुखरामला दुसऱ्या कंपनीत डबल शिफ्टला पाठवलं. त्यांना माणूस तातडीने हवा होता. साहेबांना सांगितलं, गावी गेला. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. दोन महिन्यांनी सुखराम मशीनवर उभ्या उभ्या कापायला लागला आणि कंपनीने त्याला गेटवरून परत पाठवलं. पुन्हा काच, पुन्हा खिडकी. मी शिव्या खायच्या तयारीने उभा. साहेब म्हणाले, "तुझा सौदा त्याला मान्य झालेला दिसत नाही."

त्या दिवसापासून मी त्यांचा झालो. टाक्यांना झाकणं बसवली, जाळ्या ठोकल्या. चौदा म्हणजे चौदा. कुणी तेराव्या दिवशी टाळाटाळ केली तर मी त्याला हाताला धरून आणायचो. साहेबांना यायला जमलं नाही तर त्यांनी दिलेल्या गोळ्या मीच रांग लावून द्यायचो, जीभ वर करून बघायचो. दोन वर्षांत खोल्यांवर हुडहुडी जवळजवळ दिसेनाशी झाली. एकदा ते सगळ्यांसमोर म्हणाले, "काँट्रॅक्टर, तू माझा सुभेदार झालास." कंपन्यांनी मला शाली घातल्या आहेत, ट्रॉफ्या दिल्या आहेत. त्यांतली एकही मी दिवाणखान्यात लावलेली नाही. हे वाक्य मात्र मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

टेस्टचं काम तेवढं त्यांनी स्वतःकडे ठेवलं. रक्त स्वतः काढायचे, लॅबमध्ये स्वतः न्यायचे, रिपोर्ट स्वतःच्या खिशात. दोन वर्षांत दोघातिघांना म्हणाले, "याला ही गोळी नाही." का, विचारलं तर, "याला चालत नाही." मी मान हलवायचो. त्यांची मर्जी.

मग महादूला ताप आला.

साहेबांनी काच पाहिली, पाहुणे असल्याचं सांगितलं, तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या, टेस्टसाठी रक्त घेतलं. म्हणाले, "माझं डोळ्याचं ऑपरेशन आहे. आठ-दहा दिवस बाहेर पडणार नाही. पुढची गोळी मी आल्यावर." महादूने वाकून नमस्कार केला. त्याला लांब रांगोळी काढल्यासारखं हसायची सवय होती, चेहराभर. तसा हसला.

मी मनात दिवस मांडले. पंधरवड्यात चाकणला नव्या कंपनीचं काम सुरू होणार होतं आणि ते महादूच बघणार होता. साहेब यायचे दहा दिवसांनी, मग चौदा दिवस. मधेच सुखरामसारखं उलटलं तर? गोळी मला माहीत होती, दिवस माहीत होते, पद्धत माहीत होती. राहिला टेस्टचा रिपोर्ट. आमच्या पट्ट्यात टेस्ट म्हणजे काय, ते इथल्या कुणालाही विचारा. गेटपाससाठी मेडिकल लागतं. डॉक्टर माणसाकडे बघत नाही, कागदाकडे बघतो आणि शिक्का मारतो. असे शेकडो कागद मी स्वतः भरून घेतले आहेत. ही टेस्टही मी त्यातलीच धरली. साहेबांचा शिक्का, दुसरं काय.

ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून गोळ्या आणल्या. रोज संध्याकाळी महादूला माझ्यासमोर बसवलं. तोंड उघड, जीभ वर. महादू हसून म्हणाला, "दादा, रंग न्हाई इचारला?"

"गप गिळ."

साहेबांचं सगळं मी शिकलो होतो, त्यातलं तेवढंच गाळलं. थोरल्या भावाने धाकट्याला काय असलं विचारायचं? शिवाय तो आमच्या घरात विनोदच होता.

तिसऱ्या दिवशी महादू थकल्यासारखा दिसला. मी म्हटलं, तापाचा अशक्तपणा. त्याला दुसऱ्या दिवसापासूनच काळपट लघवी होत होती. त्याने कुणाला सांगितलं नाही. औषध उष्ण पडलं असेल म्हणून धण्याचं पाणी पीत राहिला. पाचवी गोळी गिळली आणि सहाव्या दिवशी त्याला उभं राहता येईना. डोळे हळदीसारखे. इस्पितळात नेलं तेव्हा रक्त फुटत चाललं होतं, मूत्रपिंडं बंद पडायला आली होती.

साहेबांना सुखरामने जाऊन सांगितलं. ते डोळ्याला काळा चष्मा लावून, सुखरामच्या खांद्यावर हात ठेवून आले. बऱ्या डोळ्याजवळ धरून त्यांनी सगळे कागद वाचले. मला एकच विचारलं, "किती दिल्यास?"

"पाच."

ते तिथेच, व्हरांड्यातल्या फरशीवर खाली बसले. नर्स म्हणाली, आजोबा, बाकावर बसा. ते उठले नाहीत. रोज येत राहिले आणि रोज तिथेच बसले. नवव्या दिवशी महादू गेला.

तेराव्यानंतर ते घरी आले. पाणी घेतलं नाही. खुर्चीच्या कडेला बसून त्यांनी सांगायला सुरुवात केली, एखादा रिपोर्ट वाचल्यासारखी. तरुण कॅप्टन होते तेव्हाची गोष्ट. जंगलात तळ, निम्मी तुकडी तापाने आडवी. त्यांनी सगळ्यांना ती गोळी सुरू केली, रांग लावून. काही माणसांचं रक्त जन्मतः असं असतं की या गोळीने ते फुटतं. बाहेरून काही दिसत नाही. तपासायची सोय त्या तळावर नव्हती. एका जवानाने रांगेत सांगितलं, साहेब, लघवी काळी होतेय. कॅप्टन घाऱ्यांना वाटलं, गस्त चुकवायला बहाणा करतोय. आणखी दोन दिवस त्यांनी त्याला स्वतःच्या डोळ्यांसमोर गोळी गिळायला लावली.

"त्याच्यानंतर मी कुणालाही रंग विचारल्याशिवाय सोडलं नाही," ते म्हणाले.

मी विचारलं, "हे मला आधी का नाही सांगितलं?"

"लाज वाटायची."

"दोन वर्षं माझ्या शेजारी बसलात. जळवांच्या गोष्टी सांगितल्या, नदीच्या सांगितल्या, माशीच्या सांगितल्या. ही एक नाही?"

"सैन्यात हुकूम देतात, कारण देत नाहीत. मला वाटलं, हुकूम पुरेल."

"मी सैन्यात नव्हतो, साहेब. मला कारण दिलं असतंत तर मी एक दिवसही इकडचा तिकडे केला नसता."

त्यांनी काळा चष्मा काढून शर्टाला पुसला. मी म्हणालो, "उठा आता."

ते उठले. दाराशी खाली वाकून बुटांच्या नाड्या बांधायला लागले. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने त्यांना भोकं दिसत नव्हती. माझी बायको मदतीला पुढे झाली. मी तिच्याकडे बघितलं आणि ती थांबली. किती वेळ लागला कुणास ठाऊक. मी बघत उभा राहिलो.

त्यानंतर त्यांच्याशी बोललो नाही. त्यांनी दोनदा सुखरामबरोबर निरोप पाठवला, दोनदा मी तो तसाच परत पाठवला. माझ्या खोल्यांवरची रांग बंद झाली. ते गावाच्या दुसऱ्या टोकाला, एका दुसऱ्या काँट्रॅक्टरच्या माणसांकडे जातात असं कानावर आलं. जाईनात, मी म्हटलं.

वर्ष होऊन गेलं. एका संध्याकाळी पाइपलाइनच्या कामासाठी मला त्याच काँट्रॅक्टरकडे जावं लागलं. फाटकातून आत गेलो तर समोर तीसेक माणसं जमिनीवर बसलेली आणि त्यांच्यापुढे साहेब. अंगातला शर्ट बांबूवर अडकवल्यासारखा दिसत होता. शेजारी काठी. मी भिंतीशी थांबलो.

गोळ्या अजून काढल्या नव्हत्या. ते बोलत होते. हिंदी त्यांची चांगली होती, सैन्यातली.

"देखो, मैंने अपने हाथ से दो आदमी मारे हैं."

 त्यांनी जवानाची गोष्ट सांगितली, सगळी. त्याचं नाव, त्याचं गाव. रात्री तळावर तो ढोलकी वाजवायचा ते. तो रांगेत काय म्हणाला ते, आणि आपण त्याला काय म्हणालो ते. माझ्या घरी सांगितलं त्यापेक्षा जास्त सांगितलं. मग म्हणाले, "दूसरा यहीं का था. कुरुळी का. महादेव नाम था. उसको किसी ने वजह नहीं बताई थी. वजह मेरे पास थी."

मग त्यांनी रक्ताचं समजावलं. कुणाचं फुटतं, टेस्ट कशासाठी, रंग का विचारायचा. "शर्माना मत. मुझे नींद से उठाओ, पर बताओ."

पुढे बसलेल्यांपैकी एकाने विचारलं, "सर, दूसरे को गोली आपने दी थी?"

साहेबांनी मान वर केली. डोळे बारीक करून त्यांनी समोर पाहिलं, आणि मी त्यांना दिसलो. ओळखलं त्यांनी. बराच वेळ ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता नाव घेतील. पहिल्यांदाच घेतील.

"हाँ," ते म्हणाले. "मैंने ही दी थी."

मग पट्टी फोडून पहिल्याच्या तळहातावर गोळी ठेवली आणि त्याचं तोंड नीट दिसावं म्हणून पुढे वाकले.

त्यानंतर तीन महिन्यांनी ते गेले. कंपन्यांच्या मोठमोठ्या साहेबांसमोर टेबलावर हात आपटून बोलणारा माणूस मी. त्या संध्याकाळी ती गोळी खरी कुणी दिली ते तिथे साहेब आणि मी सोडून कुणाला ठाऊक नव्हतं, आणि पाइपलाइनचं न विचारताच मी फाटकाबाहेर पडलो.